कमर्शियल पायलटची तोंडी परीक्षा: तयारी कुठून सुरू करायची, कुठे जास्त वेळ द्यायचा

कमर्शियल पायलट लायसन्सच्या चाचणीत विमानात बसण्याआधी टेबलावर एक परीक्षा होते. समोर एक्झामिनर, मध्ये चार्ट, लॉगबुक, विमानाची कागदपत्रं, आणि साधारण दीड-दोन तास प्रश्न. बहुतेक जण उड्डाणाचा सराव जीव तोडून करतात, पण ओरलसाठी, म्हणजे या तोंडी परीक्षेसाठी, शेवटच्या आठवड्यात कुठूनतरी मिळालेली प्रश्नोत्तरांची पीडीएफ पाठ करतात. प्रायव्हेट लायसन्सच्या वेळी त्यावर निभावून गेलेलं असतं, म्हणून आताही निभावेल असं वाटतं.

इथे मात्र प्रश्नाचा रोख बदललेला असतो. तुम्ही आता पैसे घेऊन उडणार आहात. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला पोचायची घाई आहे, विमानाच्या मालकाला विमान रिकामं उभं राहिलेलं परवडत नाही, आणि या दोघांना ‘नाही’ म्हणायची वेळ आली तर ते कशाच्या आधारावर म्हणाल, हे एक्झामिनरला बघायचं असतं. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला तीन थर असतात: नियम किंवा तत्त्व काय, आजच्या विमानाला आणि आजच्या हवेला लावल्यावर आकडा काय येतो, आणि मग तुम्ही काय ठरवता. पाठांतराने पहिला थर भरतो. परीक्षा उरलेल्या दोन थरांची असते.

खालचे नियम आणि आकडे अमेरिकेच्या एफएए (तिथली हवाई वाहतूक नियामक संस्था) पद्धतीचे आहेत. दुसऱ्या देशाचं लायसन्स घेत असाल तर तिथलं नियमपुस्तक घ्या; तयारीचा क्रम मात्र हाच ठेवा. विमानाचं भौतिकशास्त्र तर सगळीकडे सारखंच आहे.

पायरी पहिली: कागद जुळवा

चाचणीच्या तीन-चार आठवडे आधी लॉगबुक उघडा आणि पेन्सिल घेऊन तास जुळवायला बसा. एकूण २५० तास भरले की झालं असं समजून पुढे जाणारे पुष्कळ असतात. अडचण आतल्या अटींमध्ये येते. इन्स्ट्रक्टरबरोबरची दोन तासांची दिवसाची आणि दोन तासांची रात्रीची क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळापर्यंतचं उड्डाण), दोन्ही सरळ रेषेत १०० नॉटिकल मैलांपेक्षा जास्त. एकट्याने केलेली ३०० नॉटिकल मैलांची लांब क्रॉस-कंट्री, तीन ठिकाणी उतरून, त्यातलं एक ठिकाण निघालेल्या विमानतळापासून सरळ रेषेत किमान २५० नॉटिकल मैलांवर. रात्रीचे पाच तास, आणि कंट्रोल टॉवर असलेल्या विमानतळावरची दहा टेक-ऑफ, दहा लँडिंग. ही प्रत्येक नोंद सापडली की त्या पानाला चिकटपट्टी लावा. एक्झामिनरने विचारल्यावर पानं चाळत बसलात, तर पहिली दहा मिनिटं तिथेच जातात आणि समोरच्याचं मत बनायला सुरुवात होते.

याच बैठकीत लेखी परीक्षेचं निकालपत्र काढा. त्यावर चुकलेल्या विषयांचे कोड असतात. ते विषय ओरलमध्ये येणारच, कारण एक्झामिनरला ते तपासावेच लागतात. म्हणजे प्रश्नपत्रिकेचा एक तुकडा आधीच तुमच्या हातात आहे. दुसरा तुकडाही जाहीरच असतो: ‘एअरमन सर्टिफिकेशन स्टँडर्ड्स’ किंवा एसीएस. चाचणीत काय विचारायचं ते एक्झामिनर यातूनच ठरवतो. प्रत्येक विषयाखाली ज्ञान, जोखीम आणि कौशल्य असे तीन भाग आहेत. मुलं ज्ञानाचा भाग वाचतात आणि जोखमीचा सोडून देतात. माझं मत विचाराल तर तयारी जोखमीच्या भागापासूनच सुरू करावी, कारण प्रसंग रचून विचारलेले प्रश्न तिथूनच निघतात.

छापील प्रत घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा: समोरच्याला समजावून सांगता येतं, नुसतं ओळखीचं वाटतं, किंवा अजिबात येत नाही. मधला गट सगळ्यांत घातक. वाचताना मान डोलते, विचारल्यावर तोंड उघडत नाही.

पायरी दुसरी: पैशाचे प्रश्न

हा भाग प्रायव्हेटच्या ओरलमध्ये नव्हता आणि इथेच सर्वाधिक उमेदवार अडखळतात. मुळात समजायची गोष्ट एकच आहे: कमर्शियल लायसन्स तुम्हाला पगारी पायलट बनवतं, विमान कंपनी बनवत नाही. एक्झामिनर हे कसं तपासतो, ते बघा.

“माझ्या मित्राला उद्या दोनशे मैलांवर मीटिंगला जायचंय. नेऊन आणाल का? पैसे देईल तो.”

“विमान कोणाचं आहे?”

“तुमच्या फ्लाइंग स्कूलमधून भाड्याने घ्या. भाडं, इंधन, तुमची फी, सगळं बिल त्याला लावा.”

“मग नाही जमणार. विमान आणि पायलट दोन्ही मीच पुरवले तर ती वाहतूक सेवा झाली. त्याला ऑपरेटरचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, ते माझ्याकडे नाही.”

“आणि विमान त्याचंच असेल तर?”

“तर त्याचा पायलट म्हणून मी पैसे घेऊन उडवू शकतो. विमानाची जबाबदारी आणि ताबा त्याच्याकडे. माझं दुसऱ्या वर्गाचं मेडिकल, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, चालू हवं, आणि त्या विमानाला लागणारी एंडॉर्समेंट, म्हणजे इन्स्ट्रक्टरची लेखी मंजुरी, माझ्या लॉगबुकात हवी.”

या उमेदवाराने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी विमान कोणाचं ते विचारलं, आणि अर्धी लढाई तिथेच जिंकली. या विषयातला जवळजवळ प्रत्येक प्रसंग तीन गोष्टींवर ठरतो: विमान कोण देतं, पायलट कोण देतं, आणि उड्डाणावर नियंत्रण कोणाचं. ज्याला ऑपरेशनल कंट्रोल म्हणतात ते हेच.

त्याला जोडून ‘कॉमन कॅरेज’ येतं. त्याचे चार घटक: सेवा देऊ करतो असं लोकांना कळवणं, माणसं किंवा माल, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, आणि मोबदला. यातला पहिला घटक नीट समजून घ्या. जाहिरात छापलीच पाहिजे असं नाही. सोशल मीडियावर ‘कुणाला कुठे जायचं असेल तर सांगा’ असं लिहिलंत तरी ते त्यात बसतं. नुसतं नाव झालं असेल, की हा माणूस विचारेल त्याला नेतो, तरी बसतं. मोबदला म्हणजे रोख पैसेच असंही नाही. फुकट मिळालेले उड्डाणाचे तासही मोबदल्यात धरले गेले आहेत.

ऑपरेटरचं प्रमाणपत्र नसताना पैसे घेऊन काय करता येतं, याची यादी एफएए नियमांच्या भाग ११९ मध्ये आहे: शिकवणं, विमान एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवणं, पिकांवर फवारणी, बॅनर ओढणं, हवाई छायाचित्रण आणि सर्वेक्षण, विजेच्या तारांची किंवा पाइपलाइनची गस्त, पॅराशूटवाल्यांना २५ मैलांच्या आत वर नेऊन सोडणं. यादी घोकण्यापेक्षा तिच्यामागचं सूत्र पकडा. या बहुतेक कामांत माणसाला ‘अ’ गावाहून ‘ब’ गावाला पोचवणं हा हेतूच नाही.

इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता फक्त उपकरणांवर उडण्याची पात्रता) नसेल तर लायसन्सवर मर्यादा छापून येते: मोबदला घेऊन प्रवासी नेताना ५० नॉटिकल मैलांपलीकडची क्रॉस-कंट्री नाही, आणि रात्री प्रवासी अजिबात नाहीत. रेटिंग असलं तरी हे माहीत हवं. मेडिकलचं गणितही इथेच करून ठेवा. दुसऱ्या वर्गाचं मेडिकल कमर्शियल कामासाठी १२ कॅलेंडर महिने चालतं, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. त्यानंतर कागद बाद होत नाही. तिसऱ्या वर्गाचं म्हणून त्याची मुदत उरते. तुमच्या स्वतःच्या मेडिकलवरची तारीख घ्या आणि आज कोणतं काम करता येईल, कोणतं नाही, हे तारखेसकट सांगता आलं पाहिजे.

पायरी तिसरी: हे विमान आज उडण्यायोग्य आहे का

देखभालीच्या नोंदवह्या एक्झामिनर तुमच्याकडे सरकवतो आणि म्हणतो, “सिद्ध करा.” म्हणून त्या वह्या आधीच मेकॅनिकसमोर बसून वाचलेल्या हव्यात. वार्षिक तपासणी कुठे नोंदवली आहे, १०० तासांची कुठे, ट्रान्सपाँडरची (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) २४ महिन्यांची तपासणी कुठे, ईएलटीची (अपघातानंतर ठावठिकाणा कळवणारं यंत्र) बॅटरी कधी बदलायची, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (विमानातला दोष दुरुस्त करण्याचे सक्तीचे आदेश) पूर्ण केल्याची यादी कुठे, आणि त्यातली पुन्हापुन्हा करायची कोणती. मेकॅनिकचं अक्षर लावायलाही सवय लागते, हे गमतीने म्हणत नाही.

१०० तासांच्या तपासणीवर हमखास फिरवून प्रश्न येतो. मोबदला घेऊन माणसं नेताना ती लागते. इन्स्ट्रक्टरने स्वतःच पुरवलेल्या विमानात फी घेऊन शिकवलं तरीही लागते. नुसतं विमान भाड्याने दिलं तर लागत नाही. तपासणीच्या ठिकाणी पोचण्यासाठी १० तासांपर्यंत जास्त उडता येतं, पण ते तास पुढच्या शंभरातून वजा होतात. वार्षिक तपासणीला अशी सवलत नाही. ती संपली असेल तर विशेष परवानगी काढल्याशिवाय विमान हलत नाही.

मग येतो बिघडलेल्या उपकरणाचा प्रश्न. लँडिंग लाइट लागत नाही. जाता येईल?

आवश्यक उपकरणं लक्षात ठेवायची ‘टोमॅटो फ्लेम्स’सारखी आद्याक्षरांची सूत्रं पाठ केलेला उमेदवार इथे ती धडाधड म्हणून दाखवतो आणि थांबतो. सूत्र सुरुवातीला बरं असतं, पण एक्झामिनरला पायऱ्या ऐकायच्या असतात. विमानाला एमईएल (कोणतं उपकरण बंद असताना उडता येतं याची मंजूर यादी) आहे का? नसेल, तर उत्पादकाच्या उपकरण यादीत ते आवश्यक म्हटलंय का? मूळ प्रमाणपत्राने दिवसाच्या व्हीएफआरसाठी (बाहेर बघून उडण्यासाठी) मागितलंय का? नियम ९१.२०५ (कोणत्या उड्डाणाला कोणती उपकरणं लागतात ते सांगणारा) किंवा आजच्या उड्डाणाला लागू असलेला दुसरा एखादा नियम मागतो का? एखादं एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह मागतं का? चारही उत्तरं ‘नाही’ आली तर उपकरण काढा किंवा निष्क्रिय करा, त्यावर ‘इनऑपरेटिव्ह’ची पट्टी लावा, नोंद करा, आणि शेवटी पायलट म्हणून स्वतः ठरवा की त्याविना उड्डाण धोक्याचं नाही.

आता याच पायऱ्या लँडिंग लाइटला लावा. दिवसा स्वतःसाठी उडताय: ९१.२०५ तो मागत नाही. रात्री स्वतःसाठी: तरीही मागत नाही. रात्री भाड्याने उडताय: मागतो. बल्ब एकच, पण उत्तर प्रसंगावर ठरतं. किनाऱ्यापासून इंजिन बंद ठेवून तरंगत परत येता येणार नाही इतकं दूर पाण्यावर भाड्याने गेलात, तर प्रत्येकासाठी तरंगण्याचं साधन आणि किमान एक पायरोटेक्निक सिग्नल लागतो; स्वतःसाठी गेलात तर हा नियम तो मागत नाही. नियम वाचताना ‘भाड्याने’ हा शब्द जिथे दिसेल तिथे रंगीत पेनाने खूण करा. कमर्शियलचे प्रश्न त्या खुणांवरच उभे असतात.

पायरी चौथी: एकच उड्डाण घ्या आणि खणून काढा

एक्झामिनर आधी कळवतो: अमुक ठिकाणी जायचं, इतक्या वजनाचे प्रवासी, इतकं सामान. ते कळलं की बाकी वाचन बाजूला ठेवून हे उड्डाण कागदावर पूर्ण करा. मग स्वतःच्याच कागदावरच्या प्रत्येक आकड्याला विचारा, ‘तू आलास कुठून?’

समजा विमानतळाची उंची २,००० फूट, अल्टिमीटर सेटिंग २९.७२ इंच, तापमान ३५ अंश सेल्सिअस. प्रमाण दाब २९.९२, फरक ०.२० इंच, एका इंचाला साधारण १,००० फूट, म्हणून प्रेशर अल्टिट्यूड २,२००. त्या उंचीवर प्रमाण तापमान साधारण १०.६ अंश असायला हवं, आहे ३५. फरक २४.४ अंश, प्रत्येक अंशाला १२० फूट, म्हणजे जवळपास २,९०० फूट. डेन्सिटी अल्टिट्यूड ५,१०० फुटांच्या आसपास. विमान २,००० फुटांवर उभं आहे, पण पंख, प्रोपेलर आणि इंजिन ५,१०० फुटांच्या हवेत काम करणार आहेत. हे कागद-पेन्सिलवर दोन मिनिटांत जमलं पाहिजे. ॲपमधून आकडा काढायला हरकत नाही, पण “ॲपने सांगितलं” हे उत्तर होत नाही.

त्यानंतर पीओएच, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेतला, टेक-ऑफ तक्ता. इथे चुका तक्ता वाचताना कमी आणि त्याखालच्या बारीक टिपा न वाचल्यामुळे जास्त होतात. उदाहरणार्थ सेस्ना १७२ एसच्या तक्त्याखाली लिहिलंय: समोरून वारा असेल तर दर ९ नॉट्सला अंतर १० टक्के कमी धरा, मागून वारा असेल तर दर २ नॉट्सला १० टक्के वाढवा. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. मागून ४ नॉट्सची नुसती झुळूक असली तरी अंतर २० टक्के वाढतं. कोरड्या गवताच्या धावपट्टीसाठी ग्राउंड रोलच्या (जमिनीवरच्या धावेच्या) १५ टक्के आणखी. आणि हे सगळे आकडे चांगल्या स्थितीतल्या विमानाचे, सराईत हातांनी, पुस्तकी तंत्राने काढलेले. तुमचं विमान वापरलेलं आहे. मग तुम्ही किती जादा अंतर हाताशी ठेवता? या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, पण तुमचा स्वतःचा आकडा ठरलेला हवा आणि त्यामागचं कारण सांगता यायला हवं.

वेट अँड बॅलन्समध्ये बेरीज बरोबर येण्यापलीकडे दोन गोष्टी विचारतात. पहिली, सामान हलवलं तर काय होईल. हलवलेलं वजन भागिले एकूण वजन, गुणिले हलवलेलं अंतर: २,४०० पौंडांच्या विमानात ६० पौंड ४० इंच मागे सरकवले तर गुरुत्वमध्य एक इंच मागे जातो. दुसरी, गुरुत्वमध्य मागे गेला तर विमान कसं वागेल. शेपटीवरचा खालचा दाब कमी लागतो, म्हणून स्टॉलचा (पंखांची उचल तुटण्याचा) वेग थोडा कमी आणि क्रूझ थोडी जलद. एवढं सांगून खूश होऊ नका, पुढचं महत्त्वाचं: स्थिरता घटते, आणि स्टॉल किंवा स्पिनमधून बाहेर येणं अवघड होतं, मर्यादेपलीकडे गेल्यास अशक्यही. पुढे इंधन जळत जाईल तसा मध्य कुठे सरकेल, हेही उतरतानाच्या वजनाला काढून ठेवा.

वेगांपैकी मॅन्युव्हरिंग स्पीड हा एक्झामिनरांचा आवडता. त्या वेगाखाली एक कंट्रोल पूर्ण दाबला, तर रचना मोडण्याआधी विमान स्टॉल होतं. वजन कमी झालं की तो कमी का होतो? हलक्या विमानाला तेवढ्याच उचलीने जास्त जी (गुरुत्वाच्या पटीतला भार) बसतात, त्यामुळे रचनेवरची मर्यादा गाठण्याआधी स्टॉल व्हायचा असेल तर वेग आणखी कमी ठेवावा लागतो. त्याच सेस्नात हा वेग २,५५० पौंडांना १०५ नॉट्स आहे, १,९०० पौंडांना ९०. त्यावर पुढचा प्रश्न येतो: “मग त्या वेगाखाली कंट्रोल कसेही हलवले तरी चालतील?” नाही. हे संरक्षण एका अक्षावर एका पूर्ण हालचालीपुरतं आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या फ्लाइट ५८७ च्या एअरबस ए३०० ने हा वेग ओलांडलेला नव्हता. पुढच्या विमानाच्या वेकमध्ये (मागे सुटलेल्या हवेच्या भोवऱ्यांत) शिरल्यावर रडर (उभ्या शेपटीवरचा कंट्रोल) आलटून पालटून दोन्ही बाजूंना दाबला गेला आणि उभं शेपूटच तुटलं. २६५ माणसं गेली. हा संदर्भ ठाऊक असलेला उमेदवार व्याख्या पाठ म्हणत नाही, ती कुठे संपते तेही सांगतो.

हवामानात मेटार (विमानतळावरच्या आत्ताच्या हवेची नोंद) आणि टॅफ (तिथला हवामान-अंदाज) उलगडणं गृहीतच धरलेलं असतं. एक बारकावा सांगतो: मेटार आणि टॅफमधली वाऱ्याची दिशा ट्रू (भौगोलिक उत्तरेपासून मोजलेली) असते, टॉवर आणि एटिस (विमानतळाची रेकॉर्ड केलेली माहिती) सांगतात ती मॅग्नेटिक (होकायंत्राच्या उत्तरेपासून), आणि धावपट्टीचा आकडाही मॅग्नेटिक. आडवा वारा मनात काढता यायला हवा: ३० अंशांच्या कोनाला अर्धा, ४५ ला सुमारे ०.७, ६० ला जवळपास ०.९. धावपट्टी २७ (म्हणजे २७० अंश) आणि टॉवर म्हणतोय ३०० वरून १८ नॉट्स, म्हणजे आडवा ९. तापमान आणि दवबिंदूतल्या फरकाला २.५ ने भागलं की कुमुलस ढगांचा तळ अंदाजे किती हजार फुटांवर असेल ते कळतं. ३० आणि २० असतील तर ४,००० फूट.

पण अखेर प्रश्न तोच येतो: “जाणार का?” इथे गुळमुळीत बोलू नका. “जाईन. पोचायच्या वेळेला टॅफमध्ये तात्पुरता पाऊस आणि २,००० फुटांचा तळ आहे, म्हणून वाटेत अमुक ठिकाणी पुन्हा बघेन, तिथे ३,००० पेक्षा कमी असेल तर तमुक विमानतळावर उतरेन.” असं उत्तर दिलं की बऱ्याचदा हवामानाचा विषय तिथेच संपतो. इंधनाचंही तसंच: व्हीएफआरला दिवसा ३० मिनिटं, रात्री ४५ मिनिटं राखीव हा नियम झाला, तुम्ही किती ठेवता ते वेगळं सांगा.

पायरी पाचवी: सिस्टिम

ज्या विमानात चाचणी देणार त्याच्याच सिस्टिम विचारल्या जातात. २०१८ पासून सिंगल-इंजिन कमर्शियलच्या चाचणीला मागे घेता येणाऱ्या चाकांचं विमान आणावंच लागत नाही, त्यामुळे आधी तुमचं विमान काय आहे ते बघा आणि त्याचंच पीओएच धरून बसा.

एका कोऱ्या कागदावर इंधनाची वाट टाकीपासून सिलिंडरपर्यंत काढा, न बघता. तशीच वीज: अल्टरनेटर, बॅटरी, बस, कोणतं उपकरण कुठे. मग एकेक जागी फुली मारा आणि कॉकपिटमध्ये काय दिसेल ते सांगा. आकृती काढता येत नसेल तर ती सिस्टिम अजून समजलेली नाही, असं खुशाल धरा.

कॉन्स्टंट-स्पीड प्रोपेलर (आरपीएम कायम ठेवायला पात्यांचा कोन आपोआप बदलणारा) असेल तर ऑइलचा दाब गेल्यावर पाती कुठे जातील, हे विचारतातच. बहुतेक सिंगल-इंजिन विमानांत ऑइल पात्यांना हाय पिचकडे (मोठ्या कोनाकडे) ढकलतं, म्हणून दाब गेला की पाती लो पिचला येतात आणि आरपीएम वाढतो. पाती फेदर होणाऱ्या (वाऱ्याला समांतर वळणाऱ्या) दोन इंजिनांच्या विमानात उलट. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला तर फिक्स्ड-पिच विमानात आधी आरपीएम पडतो. कॉन्स्टंट-स्पीडमध्ये गव्हर्नर आरपीएम सांभाळून घेतो, म्हणून पडतो तो मॅनिफोल्ड प्रेशर. ज्याने हे समजून घेतलंय तो कुठल्या काट्याकडे बघायचं ते सांगतो.

पिटोट-स्टॅटिकचे (हवेच्या दाबावरून वेग आणि उंची दाखवणारी यंत्रणा) बिघाड कोष्टक करून पाठ करतात. त्यापेक्षा नळीत कोंडलेल्या हवेचा विचार करा. स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा दाब घेणारं छिद्र) पूर्ण बंद झाला तर अल्टिमीटर गोठतो, व्हर्टिकल स्पीड शून्यावर बसतो, आणि एअरस्पीड वर जाताना कमी, खाली येताना जास्त दाखवतो. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून रात्री निघालेल्या एरोपेरूच्या फ्लाइट ६०३ मध्ये हेच झालं. बोइंग ७५७ धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली टेप काढायची राहून गेली होती, आणि विमान समुद्रात कोसळून ७० जणांचा जीव गेला. “वॉक-अराउंडमध्ये तुम्ही काय बघता?” या प्रश्नाचं उत्तर देताना स्टॅटिक पोर्टचं नाव घ्या, आणि पर्यायी स्टॅटिक सोर्सचा नॉब तुमच्या विमानात कुठे आहे तेही.

बाकीचे विषय

एअरस्पेस आणि दृश्यमानतेच्या मर्यादा चार्टवर बोट ठेवून सांगायचा सराव करा, एवढं पुरतं. ऑक्सिजनचे तीन आकडे पाठच करा, दुसरा इलाज नाही: केबिनची उंची १२,५०० च्या वर १४,००० पर्यंत असेल तर ३० मिनिटांनंतर क्रूला, १४,००० च्या वर क्रूला पूर्ण वेळ, १५,००० च्या वर प्रवाशांनाही उपलब्ध. चांडेल, लेझी एट आणि पायलॉनभोवतीचे (जमिनीवरच्या खुणांभोवतीचे) आठ या चाचणीतल्या कसरतींवर थोडं विचारतात. पिव्होटल अल्टिट्यूड (पायलॉनभोवती फिरताना खूण पंखाशी स्थिर दिसते ती उंची) म्हणजे नॉट्समधल्या ग्राउंड स्पीडचा वर्ग भागिले ११.३, १०० नॉट्सला जमिनीपासून साधारण ८८५ फूट. ६० अंश बँकला २ जी आणि स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी जास्त, हेही जिभेवर असू द्या.

मानवी घटकांत हायपॉक्सियाचे (शरीराला ऑक्सिजन कमी पडण्याचे) चार प्रकार आणि पाच घातक वृत्ती सगळेच पाठ करून येतात. प्रत्येकाला पगारी उड्डाणातलं एक उदाहरण जोडा. ‘प्रवासी वाट बघताहेत, जाऊ या’ ही कोणती वृत्ती? तिच्यावर काय उपाय?

पायरी सहावी: मोठ्याने बोला

वाचून ओरल येत नाही. तुम्हाला शिकवलेलं नाही अशा इन्स्ट्रक्टरला मॉक (सरावाची) ओरल घ्यायला सांगा. स्वतःचा इन्स्ट्रक्टर नको, कारण तुम्ही अर्धं वाक्य बोललात की उरलेलं तो मनात पूर्ण करतो. शक्य असेल तर हे संभाषण फोनवर रेकॉर्ड करून ऐका. ऐकताना लाज वाटेल, पण कुठे घुटमळता, कुठे नुसते शब्द पेरता, ते स्वच्छ कळतं. ही मॉक किमान आठवडाभर आधी हवी, म्हणजे निघालेली भोकं बुजवायला वेळ उरतो. पीओएच आणि नियमपुस्तकाला टॅब लावा, आणि पाहिजे तो नियम अर्ध्या मिनिटात उघडतो का ते बघा.

टेबलावर बसल्यावर

विचारलं तेवढंच सांगा आणि गप्प बसा. हे फार कठीण जातं. शांतता सहन होत नाही, म्हणून उमेदवार आपण होऊन बोलत राहतो आणि न विचारलेल्या विषयात पाय अडकवून घेतो. “वार्षिक तपासणी कधी झाली?” याचं उत्तर तारीख आहे. त्याला टर्बोचार्जरच्या ओव्हरहॉलची शेपटी जोडलीत, तर पुढची वीस मिनिटं टर्बोचार्जरवर जातील.

उत्तर येत नसेल तर “नक्की आठवत नाही, पण भाग ९१ मध्ये सापडेल, बघून सांगू का?” असं म्हणायला हरकत नाही. प्रत्यक्ष नोकरीतही पायलट पुस्तक उघडतोच. मात्र दर प्रश्नाला पुस्तक उघडणं चालत नाही, आणि इंजिन आग किंवा इंजिन बंद पडल्यावरच्या पहिल्या कृती, मुख्य वेग, रोजच्या मर्यादा या गोष्टी पुस्तकात शोधायच्या नसतातच. अंदाजाने ठोकून देणं मात्र टाळाच. एक्झामिनर ताणत ताणत तुमच्या ज्ञानाच्या कडेपर्यंत नेणारच. तिथे पोचलात याचा अर्थ नापास झालात असा नाही.

तुमच्या उत्तरावर तो भुवया उंचावेल, किंवा “नक्की?” म्हणेल. उत्तर पुस्तकातून दाखवता येत असेल तर बदलू नका, पान उघडून दाखवा. खरोखर चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करा. चाचणीत शिकवायची त्याला मुभा नसते, म्हणून तो बरोबर उत्तर सांगत नाही. त्याच्या गप्प बसण्यावरून काही ताडू नका.

ओरल झालं की लगेच विमानाकडे धावू नका. पाणी प्या, दहा मिनिटं मागून घ्या, आणि हवामान पुन्हा बघा. सकाळी तुम्ही काढलेले आकडे दोन तास जुने झालेले असतात. तापमान चढलेलं असतं, वारा फिरलेला असतो. आडवा वारा तुमच्या मर्यादेबाहेर गेला असेल तर तसं स्पष्ट सांगा. अशा वेळी चाचणी मध्येच थांबवल्याचं पत्र मिळतं, ओरल पास झाल्याचं श्रेय ६० दिवस टिकतं, आणि उरलेला भाग त्या मुदतीत पूर्ण करता येतो.